एसटीपीचा स्लज मेम्ब्रेनने घट्ट कसा करायचा

सोसायटीच्या एसटीपीत, म्हंजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, एमबीआर (मेम्ब्रेनच्या, म्हंजे अगदी बारीक छिद्रांच्या पडद्याच्या, मदतीने पाणी गाळणारी यंत्रणा) बसवला की पाणी मस्त नितळ येतं, सगळे खूश, पण स्लजकडे, म्हंजे उरलेल्या गाळाकडे, कोणी बघत नाही. टाकीतून काढलेल्या स्लजमध्ये जेमतेम १ टक्का घन माल असतो, बाकी पाणीच, आणि तेच पाणी फिल्टर प्रेसमध्ये, म्हंजे गाळ दाबून पाणी काढणाऱ्या मशीनमध्ये, ढकलत बसलं की ऑपरेटरची आख्खी शिफ्ट तिथेच जाते. म्हणून आधी मेम्ब्रेनने घट्ट करायचं, मग प्रेस.

हिशोब सोपा आहे. १ टक्क्याचा १० घनमीटर स्लज म्हंजे १०० किलो सुका माल. तो ३ टक्क्यांवर नेला की उरतो साधारण ३.३ घनमीटर. पुढे प्रेसमधून २० टक्क्यांचा केक, म्हंजे दाबलेला गाळ, निघाला तर फक्त ५०० किलो उचलायचा!

यासाठी एक वेगळी छोटी टाकी, त्यात फ्लॅट शीट (सपाट पानांची) मेम्ब्रेन बुडवलेली, खालून ब्लोअरची हवा. होलो फायबर, म्हंजे पोकळ दोऱ्यांची मेम्ब्रेन, मी तरी इथे घेणार नाही, केस आणि चिंध्या त्या दोऱ्यांना गुंडाळतात आणि मध्ये स्लज घट्ट बसतो. बारीक जाळी आधी हवीच. मेम्ब्रेनमधून पाणी ओढणारा सक्शन पंप ८-९ मिनिटं चालवा, १-२ मिनिटं थांबवा, हवा मात्र चालूच ठेवा म्हंजे शीटवर बसलेला थर सुटतो. फ्लो एमबीआरपेक्षा कमीच ठेवायचा. व्हॅक्यूम गेजवर नजर ठेवा, तेवढ्याच फ्लोला सक्शन वाढायला लागलं तर फ्लो कमी करा, लोक नेमकं उलटं करतात, पाणी कमी आलं की पंपाचा स्पीड वाढवतात आणि शीट अजूनच चोक होते.

३-३.५ टक्क्यांवर थांबा. त्यापुढे स्लज पिठल्यासारखा रटरटतो, हवेचे बुडबुडे नीट फिरत नाहीत, आणि वीज मात्र फुकट जाते.

पॉली, म्हंजे गाळाच्या गुठळ्या करणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट, मेम्ब्रेनच्या टाकीत अजिबात टाकू नका, जास्तीचं पॉली शीटला चिकटतं. ते प्रेसच्या आधी, तेही आधी बीकरमध्ये थोडं थोडं टाकून बघून, गुठळ्या मोठ्या झाल्या आणि मधलं पाणी स्वच्छ दिसलं की तो डोस पकडायचा. बायोलॉजिकल स्लजला बहुतेक वेळा कॅटायनिकच (धन भाराचं पॉली) चालतं.

मेम्ब्रेनवर चिकट घाण असेल तर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), क्षार बसले असतील तर सायट्रिक अॅसिड. दोन्ही एकत्र कधीच नाही, क्लोरीन गॅस सुटतो. मध्ये साध्या पाण्याने नीट धुऊन घ्या. आणि कितीही घाई असली तरी माणूस टाकीत उतरवायचा नाही, मॉड्यूल, म्हंजे शीटचा संच, वर काढून धुवायचं.

घट्ट केलेला स्लज हवेशिवाय ठेवू नका, वास सुटतो आणि मग पहिली तक्रार तळमजल्यावरून येते. शक्यतो त्याच दिवशी प्रेस करा. प्रेसमधून गळणारं पाणी गटारात न सोडता परत इक्वलायझेशन टँकला (सुरुवातीला सांडपाणी जमा होतं त्या टाकीला) घ्या, त्यात अमोनिया असतो.