डोंगरी ओढ्यांकाठची विलोची झुडुपवने : पाहणी आणि लागवडीतील या चुका टाळा

डोंगरी ओढ्याची दरी जेथे रुंदावते आणि प्रवाहाचा उतार मंदावतो, तेथील ओल्या सपाट तळावर विलोची दाट झुडुपवने उभी राहतात. अरुंद आणि तीव्र उताराच्या दरीत मात्र त्यांची काठालगतची बारीक पट्टीच उरते. विलो म्हणजे सॅलिक्स, वाळुंज ज्या प्रजातीत मोडतो तीच. अशी वने खुरटली, वाळू लागली किंवा विरळ झाली की बहुतेक पाहणी अहवाल झुडुपांचे वर्णन करून थांबतात आणि त्यावरून थेट लागवडीची योजना आखली जाते. प्रत्यक्षात दुखणे बहुधा झुडुपात नसून त्याच्या मुळांखालच्या पाण्यात असते. पुढील उदाहरणे मुख्यतः उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीतील आहेत, कारण या वनस्पतिसमूहांचे तपशीलवार वर्गीकरण आणि त्यांवरील दीर्घ प्रयोग तेथे झालेले आहेत.

खालचा थर न पाहणे

तेथील वर्गीकरणात समूहाचे नाव दोन थरांवरून ठरते : वर कोणता विलो आहे आणि त्याखाली काय वाढते आहे. गेयर विलोखाली केरेक्स युट्रिक्युलाटा हे लव्हाळ्याच्या कुळातील तृण दाटलेले असेल, तर जमीन वर्षाचा मोठा काळ पाण्याने भरलेली असते. त्याच गेयर विलोखाली केंटकी ब्लूग्रास या चराऊ गवताचा गालिचा दिसला, तर जागा कोरडी पडली आहे किंवा तेथे दीर्घकाळ भारी चराई झाली आहे, असा संशय घ्यावा. झुडुपे अनेक दशके जगतात, त्यामुळे त्यांचे अस्तित्व जुन्या पाण्याची साक्ष देते. तृणे मात्र लवकर बदलतात आणि आजची स्थिती सांगतात. वरचा थर एक सांगत असेल आणि खालचा दुसरे, तर विश्वास खालच्या थरावर ठेवावा, आणि ही विसंगती स्वतंत्रपणे नोंदवावी, कारण बिघाडाची पहिली खूण बहुधा तीच असते.

नुसत्या पानावरून जात ठरवणे

विलोच्या जातींमध्ये संकर होतात, आणि जोमदार नव्या कोंबावरील पाने त्याच झुडुपाच्या जुन्या फांदीवरील पानांहून पुष्कळ मोठी व वेगळ्या आकाराची असू शकतात. शिवाय विलो विभक्तलिंगी आहे, म्हणजे नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झुडुपांवर येतात, आणि ओळखीची महत्त्वाची लक्षणे मादी तुऱ्यांत असतात. बूथ विलोचा अंडाशय गुळगुळीत असतो व पानाची खालची बाजू मेणचट पांढुरकी नसते. गेयर विलोचा अंडाशय लवदार असतो आणि त्याच्या डहाळ्यांवर पुसता येईल अशी निळसर भुकटी असते. ड्रमंड विलोच्या डहाळ्यांवरही अशीच भुकटी असते, पण त्याच्या पानाची खालची बाजू रेशमी पांढऱ्या लवेने झाकलेली असते आणि त्याचे तुरे पानांच्या आधी फुटतात. म्हणून तुऱ्यांच्या काळात झुडुपाला खूणचिठ्ठी बांधावी आणि पाने पूर्ण वाढल्यावर त्याच झुडुपाकडे परत यावे. मोजणीतही एक फसगत होते : सॅलिक्स एक्सिग्वा हा वाळूच्या दांड्यांवर वाढणारा विलो मुळांवरील कोंबांनी पसरतो, त्यामुळे शेकडो खोडांचा पट्टा हे प्रत्यक्षात एकच रोप असू शकते.

खुरटेपणाला एकच कारण मानणे

येथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे थांबून विचार करायला हवा. पहिली गोष्ट अशी की काही विलो मुळातच बुटके असतात. वुल्फ विलो पूर्ण निरोगी असतानाही माणसाच्या उंचीपर्यंत क्वचितच पोहोचतो. उंच वाढणारी जात खुरटली असेल तरच कारण शोधावे. कुरतडलेले शेंडे, एकाच उंचीवर वारंवार फुटून गाठाळलेल्या फांद्या आणि कुंपण छाटावे तसा सपाट माथा दिसला, तर प्राणी शेंडे खात आहेत. स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणून तेव्हा कुंपण घातले जाते, आणि अनेक ठिकाणी ते पुरेसे ठरत नाही.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागाचा इतिहास याबाबत बोलका आहे. १९२० च्या दशकापर्यंत तेथील लांडगे संपवण्यात आले. एल्क या मोठ्या हरणांचा ताण वाढला, विलो खुरटले, आणि अन्न व बांधसामग्री न उरल्याने अनेक ओढ्यांवरून बीव्हर, म्हणजे खोडे तोडून ओढ्यावर बांध घालणारे कुरतडे प्राणी, नाहीसे झाले. बीव्हरचे बांध फुटल्यावर ओढ्यांनी आपले पात्र खोल कापले आणि भूजल मुळांच्या आवाक्याबाहेर उतरले. १९९५ आणि १९९६ मध्ये लांडगे परत आणून सोडण्यात आले. त्यानंतर काही ओढ्यांवर विलो उंचावले, तर काही ओढ्यांवर नाही. संशोधकांनी काही तुकड्यांना कुंपण, काहींना लहान कृत्रिम बांध आणि काहींना दोन्ही देऊन पाहिले. दोन्ही उपाय मिळाले तेथेच झुडुपे जोमाने उंच झाली. नुसत्या कुंपणातील वाढ मंद राहिली. उंच विलोशिवाय बीव्हर टिकत नाही आणि बीव्हरच्या बांधाशिवाय त्या दरीत विलो उंच होत नाही, अशी ही कोंडी आहे, आणि ती एका बाजूने सोडवता येत नाही.

म्हणून कुंपणाचा खर्च मंजूर करण्याआधी छिद्रे पाडलेल्या नळ्या जमिनीत उभ्या पुरून भूजलाची पातळी मोजावी. मोजणी बर्फ वितळण्याच्या दिवसांत करणे व्यर्थ आहे, कारण तेव्हा सगळीकडेच पाणी वर असते. खरी कसोटी उन्हाळ्याच्या अखेरीस लागते. बीव्हर खोडे तोडतो म्हणून त्याला शत्रू ठरवणेही घाईचे आहे, कारण तोडलेल्या बुंध्यातून विलो पुन्हा फुटतो आणि बांधामुळे वाढलेल्या ओलीवर वाढतो.

शेंडे वाळणे म्हणजे नेहमी दुष्काळ असेही नाही. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात सॅपसकर नावाचे सुतारपक्ष्याच्या कुळातील पक्षी रसासाठी खोडावर छिद्रे पाडतात, त्या जखमांतून सायटोस्पोरा बुरशी शिरते आणि छिद्रांच्या वरचा भाग मरतो. खाली फुटलेले नवे कोंब एल्क खातात, आणि झुडूप बुटकेच राहते. तेव्हा वाळलेल्या फांदीवरून खाली उतरत छिद्रांच्या ओळी शोधाव्यात.

छाट कलमे कशीही खोचणे

विलोची फांदी ओल्या जमिनीत खोचली की रुजते, ही समजूत बऱ्याच जातींबाबत खरी आहे, कारण त्यांच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीपासून तयार असतात. मात्र बेब विलो आणि स्कूलर विलो छाट कलमाने नीट रुजत नाहीत, आणि त्यांच्यासाठी रोपवाटिकेतील रोपेच वापरावीत. इतरांची कलमे पाने नसलेल्या सुप्त काळात, त्याच खोऱ्यातून आणि साधारण त्याच उंचीवरून घ्यावीत. लावण्यापूर्वी ती सुमारे आठवडा ते दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावीत, पण मुळे बाहेर डोकावण्याआधी लावून टाकावीत. त्यांचे खालचे टोक उन्हाळ्याअखेरच्या भूजलापर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणजे बहुतेक लांबी जमिनीखाली जाते. हे न जमल्यास काठावर पहिल्या वर्षी हिरवी दिसणारी रांग दुसऱ्या वर्षी वाळते. खड्ड्यात हवेची पोकळी राहू देऊ नये. सगळी कलमे दोन-चार सोयीच्या झुडुपांवरून तोडल्यास संपूर्ण लागवड एकाच लिंगाची होण्याचा धोका असतो, आणि मग बीज धरतच नाही.

बी साठवणे आणि पुराला आवर घालणे

विलोचे कापसाळ बी सामान्य तापमानाला काही दिवस ते काही आठवडेच जिवंत राहते. ते बर्फाचे पाणी ओसरण्याच्या सुमारास गळते आणि त्याला उघडा, ओला, ऊन पडणारा गाळ लागतो. दाट गवतात ते रुजत नाही. म्हणूनच पुराने उघडे पाडलेले गाळाचे दांडे सपाट करणे किंवा त्यांवर गवत पेरणे हा नुकसानीचा उद्योग आहे. पाणी किती वेगाने उतरते यावर पुढचे सारे ठरते : महोनी आणि रूड या संशोधकांनी १९९८ मध्ये नदीकाठच्या पॉप्लर या विलोच्याच कुळातील वृक्षांसाठी मांडलेल्या प्रारूपात दिवसाला सुमारे २.५ सेंटीमीटरपर्यंतची घट रोपांची मुळे गाठू शकतात, असे धरले आहे, आणि विलोलाही हाच विचार लावला जातो. धरणाखाली विसर्ग एकदम कमी केला जात असेल, तर कितीही बी पडले तरी रोपे वाळतात, आणि तेथे चर्चा लागवडीची नव्हे, विसर्गाच्या वेळापत्रकाची करावी लागते. पहिल्या उन्हाळ्यातील रोपांची गर्दी यश म्हणून नोंदवू नये. पात्राच्या फार जवळची रोपे पुढील पुरात वाहून जातात, त्यामुळे मोजणी किमान त्या पुरानंतर करावी.

विलो परका आहे अशा ठिकाणी तो लावणे

ऑस्ट्रेलियात काठ सावरण्यासाठी आणलेले विलो पात्रात शिरले, गाळ अडवून प्रवाह वळवू लागले, आणि काही अपवाद वगळता ही प्रजाती तेथे राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. तेथे वरील लागवडीचे नियम उलटे लागू होतात : काढलेली फांदी ओल्या काठावर टाकून देऊ नये, कारण ती तेथेच रुजते.