लो-कार्ब आइस्क्रीम सोडा फ्लोट घरी करताय? या चुका टाळा

आधी साध्या फ्लोटचा, म्हणजे सोड्यावर तरंगणाऱ्या आइस्क्रीमचा, हिशेब मांडू. व्हॅनिलाचा एक स्कूप म्हणजे 60-65 ग्रॅम आइस्क्रीम, त्यात साधारण 14-15 ग्रॅम कर्बोदकं. त्यावर 200 मिली कोला, म्हणजे आणखी 21 ग्रॅमच्या आसपास साखर. एका पेल्यात झाले 35 ग्रॅम. लो-कार्ब पाळणाऱ्या कित्येकांचा दिवसाचा कोटा तेवढ्यातच संपतो. म्हणून घरीच करायचं ठरतं, साखरेऐवजी स्टीव्हिया या बिनसाखरेच्या गोडीचे चार थेंब पडतात, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीझरमधून दगड बाहेर येतो.

याचं कारण असं, की फ्लोटमध्ये साखर नुसती गोडी आणत नाही. ती आइस्क्रीम मऊ ठेवते आणि सोड्याला वजन देते. आपण फक्त गोडीची सोय करतो आणि बाकीची कामं तशीच राहतात. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

फक्त थेंबांवर भागवणं

साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्येही आइस्क्रीममधलं थोडं पाणी गोठायचं राहतं. चमचा आत जातो तो या न गोठलेल्या पाण्यामुळे. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज इतकं कमी लागतं की गोठणबिंदूवर त्याचा काही परिणामच होत नाही.

मग लोक एरिथ्रिटॉलकडे (साखरेसारखी दिसणारी गोड पावडर) वळतात आणि दुसऱ्या टोकाला जातात. त्याची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के, म्हणून भरपूर घातलं जातं. पण ते थंड पाण्यात फारसं विरघळून राहत नाही. गोठताना त्याचे खडे परत बाहेर पडतात आणि आइस्क्रीम दाताखाली कचकचतं. जिभेला एक विचित्र गारवा जाणवतो तोही त्याचाच. म्हणून गोडीचा एक भाग एरिथ्रिटॉलवर आणि उरलेला थेंबांवर सोपवायचा.

माझं माप असं आहे: 250 मिली क्रीम, मिक्सरमध्ये पिठासारखं दळलेलं 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल, एक टेबलस्पून ग्लिसरीन, व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि चवीपुरते स्टीव्हियाचे थेंब. चार चमचे क्रीम कोमट करून त्यात एरिथ्रिटॉल पूर्ण विरघळवा आणि ते पूर्ण गार होऊ द्या. उरलेलं क्रीम फेटून त्यात ते हलक्या हाताने मिसळा. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून चाखताना किंचित जास्त वाटेल इतकं गोड ठेवा. ग्लिसरीन बेकिंगचं सामान मिळतं तिथून, खाद्य दर्जाचं घ्या. हातापायाला लावायची बाटली यात चालणार नाही. ग्लिसरीन नको असेल तर टेबलस्पूनभर रम तेच काम करते, आणि खरं सांगायचं तर कोलाच्या फ्लोटमध्ये ती जास्त छान लागते. यातून चार-पाच स्कूप होतात आणि एरिथ्रिटॉल, ग्लिसरीन न मोजता एका स्कूपमागे कर्बोदकं दोन ग्रॅमच्या आसपास बसतात.

दाटपणासाठी झँथन गमची पावडर घालणार असाल तर अर्ध्या लिटरला पाव चमच्याहूनही कमी. जास्त झालं की बुळबुळीत लागतं.

चुकीचं क्रीम

केकच्या सामानाच्या दुकानात ‘व्हिपिंग क्रीम’ मागितलं की बऱ्याचदा वनस्पती तेलाचं, आधीच गोड केलेलं टॉपिंग हातात येतं. ते सुरेख फुगतं, पण त्यात साखर असते आणि सगळा खटाटोप तिथेच वाया जातो. पाकिटावर दुधाचं क्रीम आणि 30 टक्के किंवा जास्त स्निग्धांश असं लिहिलेलं पाहिजे. नेहमीचं 25 टक्क्यांचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

आणि ते उभं राहायलाच हवं. आइस्क्रीम सोड्यावर तरंगतं त्यात मोठा वाटा आत कोंडलेल्या हवेचा असतो. साखरेचा कोला पाण्याहून जड असतो, त्यामुळे तो स्कूपला वर उचलतो. बिनसाखरेचा सोडा जवळजवळ पाण्याइतकाच हलका असल्याने ती मदत मिळत नाही. न फेटलेलं, कुल्फीसारखं घट्ट आइस्क्रीम त्यात डोकं जेमतेम वर काढतं, कधी थेट तळही गाठतं.

दाटपणासाठी दूध पावडर

स्किम्ड दूध पावडरीत निम्म्याहून जास्त लॅक्टोज असतं. कंडेन्स्ड मिल्कबद्दल तर बोलायलाच नको, आणि कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं पीठ. गूळ, मध, खजूर ‘नैसर्गिक’ असले तरी कर्बोदकांच्या हिशेबात साखरच. हापूसच्या गरात 100 ग्रॅममागे सुमारे 15 ग्रॅम कर्बोदकं येतात, सीताफळात त्याहून जास्त. फळ हवंच असेल तर महाबळेश्वरच्या मोसमात स्ट्रॉबेरी घ्या, तिच्यात 7-8 ग्रॅमच असतात.

‘एक चमचा साखरेऐवजी एक चमचा’ असं सांगणाऱ्या पावडरींवरही नजर ठेवा. चमचाभर मापात बसावं म्हणून त्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असू शकतं, आणि तीही कर्बोदकंच.

‘शुगर फ्री’ वाचून विकतचं आणणं

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर 100 ग्रॅममागे साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पण ती अट साखरेपुरती आहे. गोडीसाठी मॅल्टिटॉल असेल (पाकिटावर 965 हा क्रमांक दिसेल), तर रक्तातली साखर वाढतेच: त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते याचं माप, ग्लुकोज म्हणजे 100) 35 च्या आसपास, सिरपचा 52 च्या आसपास. एरिथ्रिटॉलचा (968) जवळपास शून्य असतो. म्हणून ‘शुगर’ची ओळ सोडून ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचा.

सोडा आणि आंबटपणा

टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून अनेकांना ते बिनसाखरेचं वाटतं. त्यात 100 मिलीमागे 8-9 ग्रॅम साखर असते. इराण्याकडचा रास्पबेरी किंवा बाटलीतला आइस्क्रीम सोडा पिऊन वाढलेल्यांना त्या चवीचा मोह होणार, आणि तिथेही साखर भरपूर. त्यापेक्षा साध्या सोड्यात व्हॅनिला इसेन्सचे दोन थेंब आणि एक थेंब सुक्रालोज घाला. आइस्क्रीम सोड्याच्या पुष्कळ जवळ जातं.

आता पेल्यात कधीकधी दिसणाऱ्या पांढऱ्या चोथ्याबद्दल. दुधातलं केसीन हे प्रथिन pH 4.6 च्या आसपास फाटतं (pH जितका कमी, तितकं आंबट) आणि कोलाचा pH सुमारे 2.5 असतो, लिंबाचाही तसाच. त्यामुळे लिंबूसोड्यावर आइस्क्रीम टाकलं की ते फुटणारच. स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी असलेलं क्रीम कमी फुटतं. दूध पावडर घातलेलं जास्त फुटतं, हे तिचं दुसरं पाप. सगळं बर्फगार ठेवून लगेच प्यायलं तर फुटण्याला वेळही कमी मिळतो.

आंबटच हवं असेल तर मी क्रीम बाजूला ठेवते आणि नारळाचं दाट, पहिलं दूध घेते. वरच्याच पद्धतीने, पण फेटायच्या भानगडीत न पडता गोठवते आणि गोठत असताना दोन-तीनदा काट्याने मोडते. पेल्यात कोकमाचं आगळ, थोडं स्टीव्हिया आणि गार सोडा. सोलकढीची जोडी जमते, तर ही का जमणार नाही? माझ्या मते लो-कार्ब फ्लोटमध्ये यापेक्षा चांगला प्रकार नाही, कारण यात मूळ चवीची नक्कल करावी लागत नाही. फक्त आगळात बऱ्याचदा मीठ असतं, तेव्हा आधी चाखा. आणि कोकम सिरप म्हणजे आगळ नव्हे. ते साखरेचंच असतं.

ओतण्याचा क्रम

आइस्क्रीमवर वरून डाएट कोला ओतला तर निम्मा पेला ओट्यावर जातो. आइस्क्रीमचा खडबडीत पृष्ठभाग वायूला बुडबुडे धरायला हजार जागा देतो, आणि डाएट पेयांतलं अ‍ॅस्पार्टेम फेस आणखी वाढवतं. आधी पाऊण पेला सोडा, तोही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला, कारण गार द्रवात वायू जास्त टिकून राहतो. मग चमच्याने स्कूप अलगद सोडा. उरलेला सोडा पेल्याच्या कडेने. पेला आधी फ्रीझरमध्ये ठेवलात तर उत्तम.

प्यायच्या आधी

मॅल्टिटॉल, सॉर्बिटॉलचं आइस्क्रीम एकदम दोन-तीन स्कूप खाल्लं तर पोट बिघडतं, मुलांचं लवकर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकदम कर्बोदकं तोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांना अ‍ॅस्पार्टेम वर्ज्य आहे. आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल (967) वापरूच नका. माणसाला चालणारं ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि आइस्क्रीमचं भांडं चाटायला तोच सगळ्यांत आधी येतो.