प्लॅनेरिया कापायचा, पण आधी उपाशी ठेवायचा

स्वच्छ ओढ्यातला दगड उलटा करा. खाली चिकटलेला सेंटिमीटरभर लांब, तपकिरी, चपटा जीव दिसला, डोकं त्रिकोणी आणि डोळे तिरळे असले, की तो प्लॅनेरिया. मऊ ब्रशने उचला आणि ओढ्याच्याच पाण्यात ठेवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मरतो. हा चपटकृमी, आणि चपटकृमी म्हटलं की माणसाच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी आठवून लोक हात झटकतात. हा परजीवी नव्हे.

आता खरं काम: त्याला कापायचं आणि तुकड्यांतून नवे प्राणी उभे राहताना बघायचं. ‘ब्लेड घ्या नि कापा, त्याला काही होत नाही’ असं जिथे वाचाल, तिथेच वाचणं थांबवा. माझी पहिली खेप याच सल्ल्यापायी गेली. दुपारी यकृताचा तुकडा खायला घातला, संध्याकाळी कापले. सकाळी बशीत गढूळ पाणी आणि राखाडी, बुळबुळीत गोळे. याच्या आतड्याच्या फांद्या अंगभर पसरलेल्या असतात. कुठेही कापा, आतडं फुटणारच, आणि पोट भरलेलं असेल तर पाणी सडणार. म्हणून सात दिवस उपास. दोन दिवस पुरतात म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. उपासाने तो मरत नाही, नुसता लहान होतो.

दुसरी गोची म्हणजे पातं टेकताच तो आक्रसतो आणि छेद भलतीकडेच बसतो. बर्फावर बशी, बशीत ओला गाळणकागद, त्यावर प्लॅनेरिया. गारठला की हालचाल मंदावते. अंगाच्या मधोमध फिकट पट्टा दिसेल, ती त्याची सोंड. खाताना ती पोटाखालून बाहेर येते. सोंडेच्या पुढे एक छेद, मागे एक. कोरं पातं सरळ खाली दाबा. करवतीसारखं चालवलंत तर कडा फाटतात.

तुकडे वेगळ्या बशांत, अंधारात, 20 अंशांच्या आसपास. पाणी दिवसाआड बदला.

दोन-तीन दिवसांत जखमेवर पांढुरकी टोपी चढते. अंगभर विखुरलेल्या मूलपेशींची, म्हणजे हव्या त्या प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींची, ही करामत. डोक्याच्या तुकड्यात फार जीव गुंतवू नका, शेपटीकडे बघा: आठवडाभरात त्या पांढऱ्या टोपीत सुईच्या टोकाएवढे दोन काळे ठिपके, म्हणजे नवे डोळे, उमटतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी 1898 मध्ये मूळ देहाच्या 279व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही प्राणी उभा राहतो असं नोंदवलं होतं. पहिल्याच खेपेला तो मोह नको.

दोन आठवड्यांनी यकृताचा कण टाका आणि तासाभरात उरलेला काढा. शेपटीतून झालेला प्लॅनेरिया नवी सोंड बाहेर काढून त्यावर बसला, की त्याचा उपास सुटला.