स्कॅन केलं म्हणजे झालं? अंध वाचकांसाठी पुस्तकं तयार करताना या चुका टाळा

‘सर, चारशे पानं स्कॅन झाली. पीडीएफ पाठवून देऊ का?’ ग्रंथालयात नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी हे विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: त्यातला एक शब्द माउसनं निवडून दाखव. निवडता येत नसेल तर ते पुस्तक नव्हे, चारशे फोटो आहेत. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, फोटोतली अक्षरं कळत नाहीत, त्याच्या लेखी सगळी पानं कोरी.

मग ओसीआर करायचं, म्हणजे फोटोतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन त्यांचा मजकूर करायचा. स्कॅन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), पान सरळ, भाषा मराठी. भाषेच्या जागी हिंदी राहून गेलं की ‘ळ’चा ‘ल’ झालेला मी कितीदा पाहिलाय. खरी घाई होते ती नंतरच्या तपासणीत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल नजरेतून सुटते, कारण डोळा सवयीनं दुरुस्त करूनच वाचतो. कानाला मात्र ‘पहिला घडा वाचला’ लगेच खटकतं. म्हणून मी मॉनिटर बंद करून तपासतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो लावायचा आणि सुरुवातीची, मधली, शेवटची अशी दहा-दहा पानं ऐकायची. कंटाळवाणं आहे, मान्य. कंटाळा येतो म्हणून वाचकाच्या माथी मारायचं का?

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: जुने फॉन्ट. एकदा एका प्रकाशकानं मोठ्या मनानं कादंबरीची मूळ फाइलच दिली. स्कॅनिंग वाचलं म्हणून आम्ही खूश. पडद्यावर देखणी देवनागरी, जोडाक्षरं जागच्या जागी. त्याच संध्याकाळी एका काकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: ‘अहो, इंग्रजी पुस्तक पाठवलंत का? आणि इंग्रजी असेल तर हे कुठलं इंग्रजी?’

झालं होतं असं, की फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, वरून देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. मी ओशाळून फाइल कन्व्हर्टरमधून काढली आणि तशीच परत पाठवली. पुन्हा फोन: ‘आता मराठी आहे, पण अडखळतंय.’

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. साधं ‘कि’ कन्व्हर्टर नीट पलटवतो, जोडाक्षर आलं की वेलांटी मध्येच अडकते आणि ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. रफारही असाच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तेव्हापासून रूपांतर झालं की आधी दोन गोष्टी शोधतो: पाय मोडलेल्या अक्षराला लागून आलेली वेलांटी आणि शब्दाच्या सुरुवातीलाच आलेली वेलांटी. त्या कादंबरीला दोन दिवस गेले. ‘एका क्लिकमध्ये युनिकोड’ म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस माझ्या शेजारी बसायला हवं होतं.

पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव काढून टाका, नाहीतर ऐन प्रसंगात ‘तिनं दार उघडलं आणि’ यानंतर पुस्तकाचं नाव ऐकू येतं. पानक्रमांक मात्र ठेवा, विद्यार्थ्याला संदर्भ द्यायचा असतो.

प्रकरणाचं नाव नुसतं ठळक केल्यानं शीर्षक होत नाही. हेडिंगची स्टाइल द्या, म्हणजे वाचकाला प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते.

चित्राच्या वर्णनात ‘चित्र’ एवढंच लिहिणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

नऊ तासांचं ध्वनिमुद्रण एकाच फाइलमध्ये देऊ नका. प्रकरणवार तुकडे करा, जमलं तर डेझी करा, म्हणजे प्रकरणावरून प्रकरणावर जाता येईल असं बोलकं पुस्तक.

‘कॉपीराइट आडवा येतो’ ही सबब बहुतेकदा न वाचताच दिली जाते. २०१३चा मराकेश करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे आणि तो नेमका अशा प्रती बनवण्याची मुभा देण्यासाठीच केलेला आहे. तो मानणाऱ्या देशांच्या कायद्यात ही सोय असते. आपल्या देशाच्या कायद्यातलं ते कलम शोधून वाचा.

ब्रेलचे खंड आडवे रचू नका, ठिपके दबतात.

आणि काहीही करायच्या आधी वाचकाला विचारा. कुणाला १८ पॉइंटचा ठसठशीत मजकूर पुरतो, कुणाला फक्त ऐकायचं असतं. त्या काकांची दृष्टी साठीनंतर गेलेली, ब्रेल ते कधी शिकलेच नव्हते. आम्ही न विचारता त्यांना ब्रेलचे पाच खंड घरपोच दिले होते. त्यांनी ते महिनाभर ठेवून आभार मानत परत केले. ठिपके सगळे जसेच्या तसे टोकदार.