बाबा आणि मुलांची आकाशकंदील कार्यशाळा

दिवाळीच्या आदल्या एखाद्या रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी 10 ते साडेबारा. मुलं 5 ते 9 वयाची, प्रत्येकाबरोबर त्याचे बाबा. 12 जोड्यांच्या वर जाऊ नका, आणि दर चार जोड्यांमागे गाठी मारता येणारा एक माणूस फिरता ठेवा.

एका कंदिलाला बांबूच्या 20 सेंमीच्या 24 कामट्या लागतात. म्हणजे 12 जोड्यांना 288. मोडतात म्हणून 320 घ्या. बुरुडाकडून जाडीने सारख्या निवडून आणा आणि आदल्या दिवशीच पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत कोणाच्या तरी बोटात कुसळ शिरतं.

खळ त्याच सकाळी शिजवा. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, दीड कप उकळत्या पाण्यात ओतायचा आणि चकाकी येईपर्यंत ढवळायचं. कीड लागू नये म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालतात. इथे अजिबात नको. ते विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातातच.

दर कंदिलामागे चार-चार कामट्यांचे सहा चौकोन आयोजकांनीच आदल्या रात्री बांधून ठेवावेत. हे काम मुलांसमोर काढलं तर पाऊण तास नुसत्या गाठींत जातो. कार्यशाळेत फक्त चौकोन जोडायचे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरून शेजारच्याच्या कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पुरा करा. मग वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन, खालच्या चार टोकांना सहावा. एकूण 12 सांधे, आणि चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. प्रत्येक सांध्याला आधी रबरबँड, सगळं जागेवर बसलं की सुती दोरा.

खरी गंमत इथे होते: बाबांनी उचलला की सांगाडा पिळवटतो. त्रिकोण हलत नाही, पण चौकोन कोपऱ्यांत कलतो, आणि असे सहा एकदम कलतात. म्हणून उभ्या चारही चौकोनांत समोरासमोरच्या कोपऱ्यांना फुलीसारखे दोन बारीक दोरे ताणून बांधा, गाठीपासून गाठीपर्यंत प्रत्येक साधारण 28 सेंमी. कागदामागे त्यांची पुसट रेघ दिसते, दिसू दे.

वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहतो. बाकीच्यांसाठी पतंगाचा कागद: चौकोन 23 सेंमीचे चार, त्रिकोण 25 सेंमी बाजूचे आठ. त्रिकोणही 23चाच कापला तर दुमडायला एक सेंमीपेक्षाही कमी काठ उरतो आणि वाळताना सुटतो. खळ कामटीला लावा, कागदाला नको. ओला पतंगी कागद हातातच फाटतो. आधी त्रिकोण, मग चौकोन, म्हणजे चौकोनाची कड वर येऊन जोड झाकला जातो.

बोटाने खळ फासणं, दोरा गुंडाळणं, झिरमिळ्यांना कात्री लावणं ही कामं मुलांची. बाबांनी धरायचं आणि गाठ आवळायची. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, कारण अर्ध्या तासात निम्मे बाबा एकटेच कंदील करत असतात आणि मुलं खुर्च्यांखाली लपाछपी खेळतात. एक साधा उपाय चालतो: दोऱ्याचं रीळ आणि खळीची वाटी मुलाच्या बाजूला ठेवायची.

झिरमिळ्यांसाठी 40 सेंमी रुंद, 45 सेंमी लांब असे दोन कागद. वरचे 4 सेंमी सोडून खाली 1 सेंमीच्या पट्ट्या. खालच्या चौकोनाचा घेर 80 सेंमी, त्यामुळे दोन कागद बरोबर पुरतात.

टांगायला वरच्या चार कोपऱ्यांतून अगदी सारख्या लांबीचे चार दोरे घेऊन एकत्र गाठ मारा. एक जरी आखूड झाला तरी कंदील तिरका लोंबतो. आत 5 ते 9 वॅटचा एलईडी बल्ब. होल्डर याच गाठीला बांधून मधोमध सोडा, कागदाला टेकता कामा नये. पणती किंवा जुना तापणारा बल्ब नको. घरी नेण्याआधी तासभर पंख्याखाली सुकू द्या, पण पंखा मंद ठेवा, नाहीतर झिरमिळ्या ओल्या खळीला जाऊन चिकटतात.