नावातल्या ६४ वर जाऊ नका : कॉन्फरन्ससाठी व्हॉइस राउटर घेताना या चुका टाळा

ऐन आंबा हंगामात रत्नागिरीच्या एका पॅकिंगवाल्यांकडून फोन आला. संध्याकाळी वाशीच्या दरावर बोलायला देवगड, राजापूर, पावसची मंडळी एका कॉलवर येतात आणि नेमके तेव्हाच बाहेरचे फोन लागत नाहीत. फोनचे कॉल जोडणारा व्हॉइस राउटर ठणठणीत होता, चुकला होता हिशेब.

राउटर सिस्को २८११, आत पीव्हीडीएम२-६४ हे आवाज हाताळणारं कार्ड. ६४ म्हणजे ६४ कॉल, असं धरून सगळे फसतात. ते खरं आहे, पण फक्त जी.७११ या कोडेकला. कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत; जी.७२९ आणि त्याचा जी.७२९ए हा प्रकार आवाज जास्त दाबतात, म्हणून लाइन कमी खातात, चिप जास्त. कार्डात हे काम करणाऱ्या डीएसपी चिप चारच. एका चिपवर जी.७११ चे १६ कॉल बसतात, जी.७२९ए चे ८. शाखांचे फोन जी.७२९ए वर असले तर पीआरआयच्या (बाहेरचे फोन आणणाऱ्या टेलिफोन लाइनच्या) ३० वाहिन्याच चारही चिप खाऊ शकतात. त्यातली एक कॉन्फरन्सला बांधली की उरतात २४ कॉल. दुपारी कुणाला कळतही नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. जी.७११ वर एक चिप आठ जणांच्या ८ कॉन्फरन्स सांभाळते, जी.७२९ आला की फक्त २. आणि कॉन्फरन्सच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे राउटरमधल्या तिच्या सेटिंगमध्ये, जी.७२९ आपोआप आलेला असतो! तुम्ही वापरा न वापरा, राउटर जागा त्याच हिशेबाने अडवतो. तो काढून टाकावा तर शाखांच्या फोनना ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदल) लागतं, आणि त्यालाही डीएसपीच. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी शाखांचा कोडेक ठरवा, मग कार्ड.

मोबाइलवरून येणारा बागायतदार दोनदा मोजायचा : पीआरआयची एक वाहिनी तिच्या डीएसपीसकट, शिवाय कॉन्फरन्समधली एक जागा. कंपनीत माणसं किती, हा आकडा इथे कामाचा नाही. संध्याकाळी सातला एकदम किती जण बोलतात, तो लागतो.

शाखांना जोडणाऱ्या लाइनचंही बघा. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला हेडरसह जी.७११ चा एक कॉल सुमारे ८० केबीपीएस घेतो, जी.७२९ चा २४.

तपासायला राउटरवर ‘शो व्हॉइस डीएसपी’ आणि ‘शो डीएसपीफार्म प्रोफाइल’ या दोन कमांड पुरे. प्रोफाइल बदलायचं तर आधी ते बंद करावं लागतं, म्हणून हे काम रात्री. पुढच्या पिढीचं पीव्हीडीएम३ कार्ड असेल तर आकडे वेगळे, वरचे तिथे लावू नका.

२८११ मध्ये पीव्हीडीएमच्या जागा दोन, त्यातली एक रिकामीच होती. दुसरं कार्ड बसवून कॉन्फरन्स तिकडे हलवली.