ऑफिस-शाळेसाठी सॅक घेताना या चुका टाळा

दुकानात टांगलेली सॅक कागदाचे बोळे कोंबून फुगवलेली असते, म्हणून ती सुबक दिसते. आपण ती पाठीला लावून आरशात बघतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, छत्री असं रोजचं सामान सोबत न्या, दुकानातच भरा आणि चेन लावून बघा. ऑनलाइन मागवली असेल तर टॅग न काढता हेच घरी करा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

सॅकमध्ये किती मावतं हे सांगणाऱ्या लिटरच्या आकड्यावर भुलू नका. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. वरच्या सामानाला साधारण 22 ते 28 लिटर पुरतात. 35 ची घेतली की उरलेली जागा भरतेच: जुनी बिलं, न लागणारी वही, गेल्या आठवड्यातली छत्री. भार मात्र खांद्यांवर.

लॅपटॉपच्या इंचांचंही तसंच. 15.6 इंच हे स्क्रीनचं कर्णातलं माप; अंगाने जाड लॅपटॉप त्याच मापाच्या कप्प्यात अडकतो. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये मोजून जा. आणखी एक गोष्ट कुणी बघत नाही. सॅक टेबलावर उभी ठेवा, लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ दाबा. बोटांना थेट टेबल लागलं तर ती सॅक घेऊ नका. कप्पा तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर टांगलेला हवा, नाहीतर सॅक खाली टेकवताना प्रत्येक दणका लॅपटॉपलाच बसतो.

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांनी सॅक पुढे लावूनही बघावी, कारण गर्दीत ती तशीच लावायची असते. पाठीला टेकणाऱ्या बाजूला चोरकप्पा असेल तर उत्तम. सॅक पुढे घेतली की तो छातीशी येतो आणि पास, पाकीट सुरक्षित राहतं. वरची मूठ जोरात ओढून बघा. रॅकवरून सॅक खेचताना सगळं वजन तिच्यावरच येतं.

शाळेच्या दप्तराबाबत पालक एक चूक हमखास करतात: वाढत्या अंगाचं घेतात, म्हणजे चार वर्षं चालेल. ते कमरेखाली लोंबतं आणि मूल पुढे वाकून चालायला लागतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असं महाराष्ट्र सरकारने 2015 मध्येच सांगितलं आहे. केंद्राच्या 2020 च्या धोरणात सहावी-सातवीसाठी 2 ते 3 किलो ही मर्यादा आहे. आता हिशोब करा. रिकामं दप्तर 900 ग्रॅमचं आणि लिटरभर पाण्याची बाटली एक किलोची, तर वह्या-पुस्तकांना उरतो जेमतेम एक किलो. म्हणून मुलांसाठी आधी रिकाम्या दप्तराचं वजन विचारा, कार्टूनचं चित्र नंतर. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक सॅकमध्ये पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतंच. रेनकव्हर घाला, पण पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत जातं. लॅपटॉप वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला की काळजी मिटते. घरी आल्यावर सॅक रिकामी करून, सगळ्या चेन उघडून, पंख्याखाली उलटी टांगा. ओली सॅक कपाटात गेली की बुरशी आलीच. वॉशिंग मशिनमध्येही टाकू नका. आतला प्लास्टिकचा थर सुटून त्याचे पापुद्रे वहीला चिकटतात. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.

चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा सैल झालेला असतो. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबा. जोर लावलात तर तो तुटेल. काही दिवस काम चालतं. मग बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून नवा रनर बसवून घ्या. जुन्याच्या मागे बहुधा 5, 8 किंवा 10 असा आकडा कोरलेला असतो, त्याच मापाचा मागा. नवी सॅक घेतानाही मोठ्या कप्प्याला 8 किंवा 10 नंबरची चेन आहे ना, ते बघा.